कपाटामागचा निळा डाग

भिंतींचा ताप बघणारी बाई, अशीच ताईची सगळीकडे ओळख. तिच्या कॅमेऱ्यात ऊबदार भिंत पिवळी दिसे आणि जिथून ऊब बाहेर पळते ती जागा निळी. आजवर कितीतरी घरं तिने डोळ्यांखालून घातली होती, पण आजचं काम अवघड होतं. या इमारतीच्या भिंतींत थंडी अडवणारी लोकर भरली होती तिच्या धाकट्या भावाने. तो नापास ठरला, तर शेजारच्या इमारतींचं काम त्याच्या हातून गेलंच म्हणायचं.

"मी सख्खी बहीण आहे, दुसऱ्या कुणाला बोलवा," असं तिने सोसायटीच्या अध्यक्षांना आधीच सांगितलं होतं.

"तुम्ही बापालाही सोडणार नाही, म्हणून तर तुम्ही हव्यात," ते म्हणाले.

तळमजल्यावरच्या आजी दोन शाली गुंडाळून बसल्या होत्या. हीटर पेटलेला, तरी दात वाजत होते.

"ये गं बाई. माझं दुखणं डॉक्टरला कळेना, निदान भिंतीचं तरी तू सांग."

सोबत आलेल्या भावाने पलंगाशेजारचं कपाट सरकवलं. ताईने कॅमेरा रोखला. पडद्यावर कपाटाएवढा निळाशार डाग! भावाचा चेहरा पडला.

"थांब, घाबरू नकोस," ताई म्हणाली. "आत्तापर्यंत कपाट आड होतं, भिंतीला खोलीची ऊब लागलीच नाही. तिला तापू दे."

"आणि नाही तापली तर?"

ताईने कॅमेरा भिंतीवरच रोखून धरला.

"असे टक लावून बसलात," आजी म्हणाल्या, "जशी काही भिंत आता तोंड उघडणार आहे."

हळूहळू डाग कडांनी विरू लागला. भावाच्या जिवात जीव आला. "बघ! उगाच घाम फोडलास मला."

पण खाली, आजींच्या उशाच्या उंचीला, ताटाएवढा निळा तुकडा हटेना. ताईने तिथे तळहात टेकला. गार.

"पाइप असेल," भाऊ पुटपुटला.

"इथून पाइप जातो?"

"लोकर संपली होती गं. उद्या भरू म्हटलं, तोवर गवंड्याने भिंत बंद केली. मग मीही तोंड उघडलं नाही."

ताईने खडूने डागाभोवती रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

"अध्यक्षांना काय सांगशील?"

"दिसलं तेच."

भाऊ ताडकन उठून बाहेर गेला. रागावून गेला, आता घरी पाऊल टाकायचा नाही, असं ताईला वाटलं. दार पुन्हा वाजलं. त्याच्या हातात छिन्नी-हातोडा होता.

"आजी, आतल्या खोलीत बसा, धूळ उडेल," तो म्हणाला आणि खडूच्या रेघेवर त्याने पहिला घाव घातला.