बिनढकलीचा स्क्रम

"मॅडम, मी जाते न आत. मले भेव नाई वाटत," प्रणाली म्हणाली.

चामोर्शीच्या मैदानावर मुलींच्या रग्बीची फायनल सुरू होती. मी रेफरी. चामोर्शी दोन पॉइंटनी पुढे, वेळ संपत आलेली. चंद्रपूरच्या मुलीच्या हातून बॉल पुढे सुटला, म्हणून मी स्क्रम दिला. बॉल चामोर्शीचा, पण जागा त्यांच्याच गोललाइनजवळची; इथे बॉल गेला तर मॅच गेली.

सात-सातच्या खेळात स्क्रमला दोन्हीकडच्या तीन-तीन मुली वाकतात, डोकी एकमेकींच्या मध्ये अडकवतात आणि ढकलतात. मध्ये टाकलेला बॉल पायाने मागे ओढायचा. चंद्रपूरच्या तिघी दणकट होत्या. सकाळपासून समोरच्यांचा बॉल हिसकावत होत्या.

नेमका आत्ताच चामोर्शीच्या एका मुलीचा पाय मुरगळला. बदली खेळाडू एकच उरली होती, प्रणाली. ती कडेने पळणारी, हरणासारखी.

"स्क्रममध्ये कधी वाकलीस?"

"नाई. पण वाकीन."

त्यांचे कोच मडावी सर बाहेरून ओरडले, "करते ते, मॅडम! सुरू करा!"

मी तिला माझा खांदा धरायला सांगितलं. तिने मान खाली घातली आणि पाठ कमानीसारखी वाकवली. अशा मानेवर समोरून जोर आला तर काय होतं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये दाखवलेलं असतं.

मी दोन्ही कॅप्टनना बोलावलं. "अनकॉन्टेस्टेड स्क्रम. कोणी ढकलायचं नाही. ज्यांचा बॉल, त्यांनाच मिळेल."

चंद्रपूरचे ढवळे सर लाइन ओलांडून आत आले. "आमची ताकतच काढून घेतली तुमी! काऊन?"

"तिला स्क्रम शिकवलेला नाही, सर."

"ते स्वतः तयार आहे. तिचे सर तयार आहेत. तुमालेच काऊन त्रास?" मग आवाज चढवून म्हणाले, "तुमी चामोर्शीच्याच न?"

"हो. घर बसस्टँडमागे आहे. तुम्ही लाइनबाहेर जा, नाहीतर मॅच इथेच थांबवते."

ते बडबडत बाहेर गेले. मी शिट्टी वाजवली.

बॉल चामोर्शीला मिळाला. त्यांनी तो लाथ मारून बाहेर काढला आणि वेळ संपली. चामोर्शी जिंकली. ढवळे सरांनी हात मिळवला नाही. जिंकूनही प्रणाली "मी ढकललं असतं" म्हणत तणतणत निघून गेली.

मी मडावी सरांना म्हटलं, "तिला स्क्रम शिकवा. मी येते रविवारी." पहिले काही रविवार फक्त मान आणि पाठ. ढकलणं नंतर. ती कंटाळायची, पण यायची.

पावसाळ्यानंतर चंद्रपूरला हेच दोन संघ समोरासमोर आले. मीच रेफरी. या वेळी प्रणाली स्क्रममध्ये होती, पाठ सरळ, मान वर. म्हणून मी पूर्ण जोराने ढकलू दिलं. चंद्रपूरने त्यांना रेटलं आणि मॅच जिंकली. प्रणाली चिखल झटकत उठली, मान शाबूत.

ढवळे सर हसत आले. "आज मस्त रेफरिंग झालं, मॅडम."

"नियम तोच होता, सर," मी म्हटलं.

रेफरीला शाबासकी जिंकणारा देतो, शिव्या हरणारा. दोन्ही मैदानावरच सोडून घरी जायचं.