नाव: अहो

ऑफिसात त्याला सगळे नावाडी म्हणत. होडीशी त्याचा संबंध एवढाच, की पाण्याकडे बघून त्याला चक्कर यायची. सर्व्हरवरच्या फोल्डरांना नावं कशी द्यायची याचे नियम त्याने केले होते, आणि माणसांना नावं ठेवण्याचं कामही तोच आवडीने करायचा. मग दुसरं काय म्हणणार?

इमारतींचे जुने आराखडे स्कॅन करून जपणारं ते ऑफिस. नियम साधा: आधी वर्ष, मग महिना, मग विषय, मध्ये खालची रेघ, म्हणजे अंडरस्कोर. मोकळी जागा सोडायची नाही. "नवीन", "नवीन शेवटचं", "हेच खरं शेवटचं" असली नावं दिसली की त्याचं डोकं फिरायचं. महिन्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारला, त्याची स्क्रिप्ट, म्हणजे त्याने लिहिलेला आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, सर्व्हरभर हिंडायची. प्रत्येक फोल्डरचं नाव, मालक, आकार, शेवटचा बदल यांची यादी करायची आणि नियमात न बसणारं कायमचं पुसून टाकायची. अपवाद नाही. एकदा खुद्द ऑफिसप्रमुख मॅडमचं फोल्डर गेलं होतं, आणि हे तो चवीने सांगायचा.

बायको तिथेच, दोन टेबलं सोडून, स्कॅनिंगला होती. तिच्या आईची आजारपणात वाचा गेली, पण त्याआधी तिने आईचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं होतं. घरचा कॉम्प्युटर बिघडला म्हणून चार दिवसांपुरतं तिने ते ऑफिसच्या सर्व्हरवर ठेवलं. नाव दिलं "आईचं बोलणं", मध्ये मोकळी जागा सोडून. नेमकी महिनाअखेर. चार वाजता ते गेलं.

ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी जिना उतरताना एवढंच म्हणाली, "तुम्हाला नावं ठेवता येतात, हाक मारता येत नाही. सव्वीस वर्षं झाली, 'ऐकलंस का'च्या पुढे तुमची गाडी जात नाही. एकदा नावाने हाक मारा. ओ देते की नाही बघा."

"चारचौघांत? लोक हसतील," तो म्हणाला.

तीन वर्षांनी ती गेली. तिचं खातं त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं. टेबलावरचा कॉम्प्युटर दुसरीकडे गेला, खुर्ची तेवढी राहिली.

आणि या महिन्यात, सफाईला दहा-बारा दिवस असताना, त्याने स्क्रिप्टकडून नुसती यादी काढून पाहिली, तर मालकाच्या रकान्यात तिचं नाव आलं. फोल्डरचं नाव: अहो.

कुणीतरी चावटपणा केलाय असं वाटून आधी त्याला संताप आला. त्याने फोल्डर उघडलं. आत काहीच नव्हतं. पण स्क्रिप्टला विचारलं की ती आकार सांगायची, आणि तो रोज वाढत होता. शेवटचा बदल रोज एक वाजून दहा मिनिटांनी. ही दोघांची डबा उघडायची वेळ. एक दिवस तो जेवायला न जाता पडद्यासमोर बसून राहिला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एक वाजून दहा मिनिटांनी आकडा त्याच्या डोळ्यांदेखत बदलला.

मग त्याने त्याला सुचणारी एकमेव गोष्ट केली. फोल्डरला नियमात बसणारं नाव दिलं. दुसऱ्या दिवशी एक दहाला ते पुन्हा "अहो" झालं. असं तीनदा झालं. जन्मभर त्याने तिच्या चुका दुरुस्त केल्या, आता ती त्याच्या करत होती.

शेवटच्या दिवशी आकार झाला एक्केचाळीस लाख वीस हजार तीनशे सतरा बाइट. त्याला कसलीशी शंका आली. त्याने स्क्रिप्टची जुनी नोंदवही उघडली आणि त्या महिनाअखेरीपर्यंत मागे गेला. पुसलं: आईचं बोलणं. आकार तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत.

साडेतीन वाजले होते. हे दुसऱ्यांदा पुसलं गेलं तर आपल्याला जगता येणार नाही, हे त्याला स्वच्छ कळलं.

"नावाडी, आज सफाई ना?" मॅडमनी जाता जाता विचारलं.

"हो," तो म्हणाला.

त्याने आयुष्यातला पहिला अपवाद लिहिला: "अहो" सोडून. चाचणी केली. पुसायच्या यादीत "अहो" होतंच. त्याने वेळापत्रकातून स्क्रिप्टच काढून टाकली. वेळापत्रक पुन्हा उघडलं तर ती परत तिथेच, चारच्या समोर. सर्व्हरची तार उपटली. तरीही पडद्यावरचं सर्व्हरचं घड्याळ चालतच राहिलं.

चारला एक मिनिट कमी असताना तो उठला आणि तिच्या टेबलापाशी गेला. आजूबाजूच्यांनी माना वर केल्या. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याने तिला नावाने हाक मारली. सव्वीस वर्षांत, आणि नंतरही, न मारलेली हाक. आवाज फाटला. कुणीही हसलं नाही.

चार वाजले. पडद्यावर पुसलेल्यांची यादी सरकू लागली. तो धावत जागेवर आला आणि एकेक ओळ वाचत गेला. "अहो" त्यात नव्हतं. उरलेल्यांतही नव्हतं.

मग सगळ्यात खाली एक ओळ उमटली. मालक: ती. आकार: तोच. शेवटचा बदल: आत्ता.

नाव: ओ.