किडेमास्तरचा डाकू

पुंडलिकराव बोलायला लागले की उभा बैलसुद्धा कान टवकारतो, असं आर्णीकडच्या त्यांच्या गावात म्हणत. तरुणपणी ते शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माइकवर असायचे. जोडी सुटली की हा माणूस असा काही पुकारा करायचा, की मागे झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनाही वाटावं, कासरा आपल्याच हातात आहे. पुढे कोर्टाने पट बंद केले आणि माइक गेला. गळा तेवढा शाबूत राहिला, आणि बिनकामाचा गळा माणसाला स्वस्थ बसू देत नाही.

पोटासाठी त्यांनी तोवर दुसरंच काम धरलं होतं. कृषी खात्याकडून कंत्राटावर किडी मोजायच्या. दर आठवड्याला नेमून दिलेल्या वावरात शिरायचं, वीस झाडं धरायची, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान उलटून मावा किती, तुडतुडे किती ते लिहून घ्यायचं. शिवाय गुरुवारी शेतीशाळा. तिथे ते लोकांना मित्रकिडी आणि शत्रुकिडी ओळखायला शिकवत. गावाने त्यांचं नाव ठेवलं किडेमास्तर, आणि त्यांनाही ते मनातून आवडत होतं.

अकरा वर्षं त्यांचं एकच सांगणं होतं. "पहिले वळखा, मंग मारा." पण पालथ्या घड्यावर पाणी! लोक चहा होईपर्यंत माना डोलवत आणि तिथून उठून थेट औषधाच्या दुकानात जात. दुकानदार म्हणेल ते खरं. मास्तर 'बघू, मोजू, थांबू' म्हणायचे. दुकानदार ठणकावून सांगायचा, 'हे मारा.' शेवटी ठणकावून बोलणाऱ्याचंच ऐकलं जातं. एक गोष्ट मात्र मास्तर कधी बोलून दाखवत नसत. नाल्यापलीकडच्या बंजारा तांड्यावर त्यांनी एकदाही शेतीशाळा घेतली नव्हती. नाला ओलांडायचा कंटाळा, आणि हजेरीचे पंचवीस अंगठे गावातच मिळून जात.

सगळ्या किड्यांत त्यांचा जीव ढालकिड्यावर. लाल, गोल, पाठीवर काळे ठिपके, कुणीही हौसेने हातावर घ्यावा असा. त्याचं पिल्लू मात्र भयंकर. काळं, खरबरीत, अंगावर नारिंगी डाग, बोटाच्या पेराएवढीही न भरणारी मगरच. हे पिल्लू दिवसाला पन्नास-पन्नास मावे फस्त करतं. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीच्या झाडावर, असं पिल्लू दिसलं की मास्तर म्हणायचे, "लेकरू दिसाले वंगाळ, पन गुनाचं हाय बाप्पा."

सतरा सालच्या खरिपात घरोघरी स्वस्त इंटरनेट आलं होतं. मास्तरांनीही नवा फोन घेतला आणि एक व्हिडिओ केला. नाव दिलं, 'मित्रकीड ओळखा.' फोन धरला कोकिळाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने. गोधडीच्या टाक्यांवर बसलेला त्यांचा हात जराही हलला नाही. व्हिडिओ एकवीस वेळा पाहिला गेला, त्यात तीन वेळा कोकिळाबाईंनीच.

मग एक दिवस परातीत ढालकिड्याचं पिल्लू ठेवलेलं असताना त्यात एक बारकी हिरवी अळी पडली आणि दोघांची जुंपली. कोकिळाबाईंनी फोन धरला. मास्तरांच्या गळ्यातून इतक्या वर्षांचा कोंडलेला पुकारा आपोआप बाहेर पडला.

"आलाऽ रे आलाऽ, डाकू आला! हटा बाजूले! धरली मान, हाणलं खाली, अन् ही पाहा अळी चित!"

आठवड्याच्या आत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. आर्णीच्या बाजारात लोक मास्तरांना थांबवून विचारू लागले, "डाकू काय म्हन्ते?" अकरा वर्षं ज्यांनी शेतीशाळेत जांभया दिल्या, ते आता पुढची झुंज कधी म्हणून घरी येऊ लागले. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले, आणि कुणी चढवलं असंही म्हणता येणार नाही, स्वतःच चढले. इतकी वर्षं ज्याचं कुणी ऐकलं नाही त्याला टाळ्या ऐकू आल्या, तर आणखी काय होणार?

पण लोकांना रोज नवं हवं. अळी संपली, मग डाकूसमोर दुसरा डाकू. पोट भरलेली पिल्लं भांडत नाहीत, म्हणून मास्तरांनी दोन पिल्लं दोन दिवस उपाशी ठेवली आणि परातीत सोडली. एकाने दुसऱ्याला खाल्लं. मास्तरांचं तोंड मात्र थांबलं नाही. "पाहा मंडळी, सख्ख्या भावाले सोडलं नाही!"

कोकिळाबाईंनी फोन खाली ठेवला. "अवो, हे तं तुमचं लाडकं लेकरू. त्याले डाकू काहून म्हनता?"

"मजा असते वं. नाव ठेवल्याबिगर कोनी पाहत नाही."

"अन् लोकाइले खरंच वाटलं तं?"

"शेवटच्या भागात सांगतो ना. ज्याले तुमी डाकू समजले, तोच तुमचा राखनदार, असं. लोक थक्क होतीन."

हा शेवटचा भाग मास्तरांनी डोक्यात पक्का रचून ठेवला होता. आधी लोक डाकूला पोटभर शिव्या घालू देत, मग आपण असा डाव पलटवू की अकरा वर्षांची शेतीशाळा एका दिवसात वसूल. पण झुंजी रंगत होत्या. आणखी एक होऊ दे, आणखी एक होऊ दे, असं करत तो भाग राहूनच गेला. उलट सातव्या झुंजीच्या शेवटी रंगाच्या भरात ते ओरडले, "सावध राहा मंडळी! हा डाकू तुमच्याबी पऱ्हाटीत लपून बसला हाय!" त्या एका वाक्यावर लोक बेहद्द खूश झाले.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या खांद्याला लागली होती. पावसाने ओढ दिली, मावा वाढला, आणि माव्यामागे ढालकिडेही भरपूर आले. फवारणी करणारे त्या दाट उंच पिकात शिरत आणि औषधाने न्हाऊन बाहेर पडत. कित्येकांना विषबाधा झाल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या गावागावांतून येत होत्या. मास्तर बातम्या वाचून हळहळत आणि संध्याकाळी फोनवर नवी झुंज चढवत.

दसऱ्यानंतर चहाच्या टपरीवर तांड्यातला नेमसिंग भेटला. म्हणाला, "मास्तर, आमच्या तांड्यातल्या देवसिंगले यवतमाळच्या दवाखान्यात नेलंय. फवारता फवारता वावरातच पडला. एका दिवसात तीनदा फवारलं म्हने, तेबी दुप्पट औषध टाकून."

"एवढा कायले फवारत होता?"

"तुमचा डाकू निघाला ना त्याच्या पऱ्हाटीवर. फोनवर पायलता त्यानं. म्हने, मास्तर खोटं सांगनार नाही."

मास्तर चहा तसाच टाकून उठले. घरी येऊन त्यांनी सगळे व्हिडिओ काढून टाकले. काय उपयोग? ते केव्हाच या फोनवरून त्या फोनवर गेले होते. देवसिंगचा जीव वाचला, पण नजर अधू झाली. समोरचा माणूस त्याला नुसता सावली दिसे. मास्तर रोज ठरवत, आज तांड्यावर जाऊ, आणि रोज काहीतरी काम काढत. बारा दिवस असेच गेले. तेराव्या दिवशी कोकिळाबाई म्हणाल्या, "तुमच्यानं जाववत नसंल तं मी जाते. पन त्या मानसाले खरं समजलं पायजे."

तेव्हा मास्तर निघाले. नाल्यात घोटाभर पाणी होतं. अकरा वर्षं टाळलेला तो नाला पार करायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

दुपारची वेळ होती. देवसिंगची बायको मैनाबाई दारातच होती. आवाज न करता तिने त्यांना बाजूला घेतलं. "मास्तर, त्याले पऱ्हाटीचं काही बोलू नोका. बोंडं फोडून पायली म्या. आतून सारे गुलाबी अळीनं खाल्ले. त्याले वाटते, आपन वावर वाचवलं."

आत देवसिंग खाटेवर बसला होता. मास्तरांनी हाक मारताच आवाज ओळखून तो धडपडत उठला. "मास्तर? तुमी? माह्या घरी?" त्याला एवढा आनंद झाला की मास्तरांना पळून जावंसं वाटलं. "मास्तर, एकबी डाकू सोडला नाही पाहा. तुमच्यानंच वळखू आला. नाहीतं मले कुठचं समजते?"

सांगू नये, असंच त्या क्षणी मास्तरांना वाटलं. मैनाबाईचंही तेच म्हणणं होतं. हा माणूस डोळे देऊन बसलाय, निदान कशासाठी दिले ते समाधान तरी त्याच्यापाशी राहू दे. पण पुढच्या हंगामात देवसिंगचं वावर कुणीतरी फवारणारच होतं, आणि मैनाबाईही त्या पिल्लाला डाकूच समजत होती. मास्तर खाली जमिनीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले.

"देवसिंगभाऊ, तो डाकू नव्हता. ढालकिड्याचं पिल्लू होतं. आपला मित्र. लोकाइनं पाहावं म्हनून मी त्याले डाकू केलं."

देवसिंगने विचारलं, "मंग माह्या वावरात ते काय करून राह्यले होते?"

"मावा खाऊन राह्यले होते. तुमच्या पऱ्हाटीची राखन करत होते."

"लई होते मास्तर. पानापानावर होते."

मास्तरांना ते सोसवेना. आणि न सोसणारा माणूस करतो तेच त्यांनी केलं, स्वतःची बाजू पुढे ढकलली. "मी अकरा वर्षं हेच सांगून राह्यलो भाऊ. दर गुरुवारी. शेतीशाळेत." शब्द तोंडातून सुटताच त्यांना स्वतःची लाज वाटली.

देवसिंग रागावला नाही. आवाज आला त्या दिशेला त्याने चेहरा वळवला, पण तो जरा चुकला, आणि मास्तरांच्या शेजारच्या भिंतीकडे पाहत तो म्हणाला, "गावात सांगतलं असंल मास्तर. मले तं तुमी एकदाच सांगतलं. अन् तेवढं म्या ऐकलं."