साळवीकाकांची महाराणी आणि राहिलेलं सलाला

श्री. मधुकर साळवी यांची आणि माझी पहिली ओळख एका मोटारीच्या मागच्या सीटवर झाली. मस्कतच्या गाला भागातल्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस काउंटरवर मी नुकतीच रुजू झाले होते. वर्कशॉपचे प्रमुख म्हणून साळवीसाहेब आले, चष्मा खाली करून त्यांनी मला न्याहाळलं आणि विचारलं, "डोंबिवलीची ना? चल, मागे बस." मी गांगरलेच. नोकरीच्या पहिल्या दिवशी कोण असं गाडीत बसवतं? पण त्यांची ती पद्धतच होती. दुरुस्त झालेली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि आपण मागे बसून तपासायची. "चालवणारा चालवण्यात दंग असतो. गाडीला काय होतंय ते मागे बसणाऱ्याला कळतं," ते म्हणाले, "आणि इथे मागे अर्बाबचं, म्हणजे मालकाचं, अख्खं कुटुंब बसतं, त्यांना खडखड ऐकवायची का?" गाल्याच्या गल्ल्यांतून एक फेरी झाली. "काय ऐकलंस?" त्यांनी विचारलं. "काहीच नाही," मी घाबरत म्हटलं. "मग गाडी बरी झाली. जा, मालकाला फोन कर." एवढ्यावर माझं प्रशिक्षण संपलं.

पुढे त्या 'साळवीसाहेबां'चे साळवीकाका कधी झाले, मला सांगता येणार नाही. मस्कतमधल्या आपल्या मराठी मंडळींत त्यांना साहेब म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही. त्यांच्या साठीनिमित्त ही स्मरणिका निघते आहे आणि साठीबरोबरच त्यांचा व्हिसाही संपतो आहे. तेव्हा हा लेख अभिनंदनाचा आणि निरोपाचा, दोन्ही धरावा. त्यात मध्येच मी चिडलेली दिसले तर तेही चालवून घ्यावं. गौरवलेखात चिडायचं नसतं हे मला माहीत आहे, पण काकांवर माया आहे म्हणून राग आहे.

ज्या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांत काकांनी आयुष्य घालवलं तिचं नाव संपादकांनी गाळायला सांगितलं आहे. जाहिरात होते म्हणे. गाळलं. तसेही काका तिला नावाने कुठे हाक मारायचे! ते म्हणायचे 'थोरलं घर'. काउंटरवर कुणी ओमानी गिऱ्हाईक गाडीची वाट बघत बसलं की काका त्याच्यापुढे कावा, म्हणजे इथली बिनदुधाची कॉफी, आणि खजूर ठेवून थोरल्या घराची कहाणी सुरू करायचे, हिंदी, अरबी आणि हातवारे मिसळून. एका घोडागाड्या बनवणाऱ्याने मोटारींचे पाचसहा कारखाने विकत घेऊन एका छपराखाली कसे आणले, ही सुरुवात. मग दुसरा एक शिस्तीचा माणूस आला आणि त्याने या कारखान्यांत भावाभावांसारखी वाटणी लावून दिली. धाकट्याने नव्या नोकरीवाल्याला गाडी विकायची, मधल्यांनी बढती मिळालेल्याला आणि थोरल्याने शेठजींना. गिऱ्हाईक आयुष्यात वर चढत जाणार, पण घर सोडून जाणार नाही. "मुख खूब था उसका, मुख!" म्हणत काका स्वतःच्या टाळूवर थोपटायचे. मुख म्हणजे अरबीत मेंदू.

मग गाड्यांना मागे विमानासारख्या शेपट्या फुटल्या ते दिवस. मग तेल महागलं आणि अमेरिकेतल्या गाड्या रोडावल्या. "पण ज्यांच्या वाळूखाली तेल, त्यांना कसली चिंता? म्हणून तिकडच्या लठ्ठ गाड्या इकडे आल्या," असं म्हणून काका समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि तो हसायचा. शेवटी मात्र काकांचा आवाज उतरायचा. थोरल्या घराने पैसे वाचवायला सगळ्या भावांना एकच सदरा शिवला, फक्त बटणं वेगळी लावली. लोकांना भाऊ ओळखू येईनात. मग अमेरिकेत ती मोठी मंदी आली, घराचं दिवाळं वाजलं, सरकारने हात दिला, पण दोनतीन भावांना कायमचं बंद करावं लागलं.

त्या बंद झालेल्यांत काकांचा लाडका भाऊ होता. बातमी आली त्या सकाळी वर्कशॉपमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. त्या नावाच्या जुन्या गाड्या वापरणारी कितीतरी ओमानी गिऱ्हाइकं होती, त्यांचे फोन सुरू झाले. आता सुटे भाग कुठून येणार? मी प्रत्येकाला 'कळवते, कळवते' करत होते. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि सरळ सांगून टाकलं, "मैं हूँ ना बाबा. जब तक साळवी मस्कत में है, आपकी गाडी चलेगी. खलास." मग दुसऱ्या फोनवरही तेच, तिसऱ्यावरही तेच. वचन देऊन बसले! कंपनीने न दिलेलं वचन यांनी दिलं. आणि पाळलं, हे सांगायला अभिमान वाटतो. पण कशातून पाळलं ते आता सांगते.

काकांची स्वतःची गाडी त्याच बंद झालेल्या भावाची होती. लांबलचक, दुधी रंगाची, पुढची सीट सोफ्यासारखी सलग आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगला. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाकडून त्यांनी ती पडक्या अवस्थेत घेतली आणि सुट्टीच्या दिवसांत राबून उभी केली. नाव ठेवलं महाराणी. माझे यजमान तेव्हा मस्कतपासून लांब, दुक्मला प्रोजेक्टवर असायचे, घरी मी आणि माझी मुलगी जुई. माझी ड्यूटी लांबली की काका कुणालाही न विचारता जुईला शाळेतून महाराणीत घालून आणायचे. पोरगी इंग्रजीतच फाडफाड बोलणारी. काकांनी तिला नियम घातला होता की महाराणीला इंग्रजी समजत नाही. "काका, ही गाडी खूप... लांब आहे. अजून... अजून कधी संपेल?" अशी तिची मराठी सुरू झाली ती त्या सीटवर. आज ती जे काही मराठी बोलते त्याचं श्रेय मला नाही, काकांना आहे.

जुई त्या गाडीत किती वेळा बसली याला गणती नाही. सुनंदाकाकू मात्र एकदाही बसल्या नाहीत.

सुनंदाकाकू म्हणजे काकांच्या पत्नी. लग्नानंतर काका आखातात आले आणि काकू संगमेश्वरजवळच्या गावी राहिल्या. आधी मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं अंथरूण. वर्षाकाठी काका महिनाभर जायचे, तेवढाच संसार. फोनवर मात्र रोज बोलायचे आणि फोनवर काकूंना महाराणी तोंडपाठ झाली होती. काकांनी शब्द दिला होता की आई सुटली की तुला इकडे आणीन आणि खरीफमध्ये महाराणीतून सलाल्याला नेईन. खरीफ म्हणजे दक्षिण ओमानातल्या सलाल्याचे ते भुरभुर पावसाचे महिने, तेव्हा तिथले डोंगर हिरवेगार होतात. "दिवसभर वाळवंटातून जायचं आणि एकदम आपलं संगमेश्वर समोर! तिचं तोंड बघायचंय मला तेव्हा," असं काका मला कितीदा म्हणाले असतील.

आणि दुसरीकडे फोनवर गिऱ्हाइकांना दिलेलं वचन. भाग मिळेनासे झाले तसे काका शारजाच्या भंगार बाजारात फेऱ्या मारू लागले. तिथेही नाही मिळालं की महाराणीचं काढून द्यायचे. आधी आरसा गेला, मग दाराची काच, मग अल्टरनेटर. प्रत्येक वेळी मी ओरडायचे, "काका, अहो, स्वतःच्या गाडीचं काय काढता?" "मिळेल गं दुसरा. तिला काय घाई आहे?" हे ठरलेलं उत्तर. आणि खरंच ते कुठून तरी दुसरा भाग मिळवून महाराणी पुन्हा चालती करायचे.

मग उस्ताद सालिम यांच्या तसल्याच गाडीचा गिअरबॉक्स गेला. उस्ताद म्हणजे निजव्याचे निवृत्त शिक्षक, काकांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या पत्नीला अर्धांगवायू झालेला. दर आठवड्याला त्यांना मस्कतच्या हॉस्पिटलमध्ये आणावं लागे आणि या गाडीचं दार रुंद, सीट बुटकी, म्हणून बाईंना न दुखवता बसवता येई. दुसऱ्या गाडीत बसताना त्या कळवळायच्या. शारजाहून आणलेले गिअरबॉक्स निकामी निघाले. उस्ताद काउंटरशी मान खाली घालून उभे होते. काकांनी त्यांना खुर्ची दिली, कावा दिला आणि आत जाऊन महाराणी लिफ्टवर चढवली. मी आडवी गेले. म्हटलं, "काका, तुमच्या आई गेल्या, आता काकू येतील. थांबा जरा." ते म्हणाले, "तिचा व्हिसा निघेपर्यंत दुसरा मिळेल, इन्शाल्ला." उस्तादांची गाडी त्याच आठवड्यात निजव्याला गेली. जाताना उस्तादांनी काकांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि आम्ही सगळे रडलो.

दुसरा गिअरबॉक्स मिळालाच नाही. काकू मात्र आल्या, काकांच्या नोकरीचे शेवटचे महिने उरले असताना. ऐन खरीफ सुरू होता! माझी छोटी जपानी गाडी घेऊन जा, असं मी काकांना सांगितलं. नाही. विमानाने जा म्हटलं. नाही. "नेईन तर महाराणीतूनच." हट्टीपणा तो किती असावा माणसाने? मस्कतमधल्या कुरुमच्या दुकानांतून आणि समुद्रावर मीच काकूंना फिरवलं. त्यांनी एकदाही तक्रार केली नाही. फक्त एकदा परत येताना म्हणाल्या, "मला सलाल्याचं काही नाही गं. त्या सीटवर ह्यांच्या शेजारी बसून जायचं होतं."

हे मी काकांना सांगितलं, आणि रागाने सांगितलं. त्यांनी मान हलवली. पुढच्या शुक्रवारी सकाळी वर्कशॉप बंद असताना ते काकूंना गाल्यात घेऊन आले. मलाही बोलावलं होतं. मागच्या अंगणात महाराणी पुसून लखलखीत करून ठेवली होती. गिअरबॉक्स नाही म्हणून इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा टेकू. काकांनी काकूंसाठी दार उघडलं. काकू नवी साडी नेसून आल्या होत्या, निऱ्या सांभाळत बसल्या. मी बाहेरच थांबत होते, तर काका म्हणाले, "मंजिरी, मागे बस." बसले.

इंजिन एका किल्लीत सुरू झालं. किती शांत! एसीची गार हवा आली. काकूंनी सीटवरून हात फिरवला, आरशात पदर नीट केला, काकांनी सांगितलं होतं ते सगळं एकेक करून ओळखलं. मग काकांचा हात सवयीने दांड्याकडे गेला. दांडा सहज खाली आला, त्याच्या पलीकडे गिअरबॉक्स नव्हताच. समोर वर्कशॉपची भिंत तिथेच राहिली. काकांचा हात दांड्यावर तसाच होता.

काकू म्हणाल्या, "गाडी छान आहे हो. तुम्ही सांगायचात तश्शी."

काका म्हणाले, "त्यांच्या बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, सुनंदा."

"ठाऊक आहे मला. दवाखाना आधी." मग त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतंत तर मीसुद्धा देऊन टाका असंच म्हटलं असतं. विचारलं नाहीत, एवढंच."

काकांनी चष्मा काढला. "चुकलं माझं," ते म्हणाले. काकूंनी डब्यातल्या तांदळाच्या वड्या काढल्या, एक त्यांना दिली, एक मागे मला दिली. टाकीतलं होतं तेवढं थोडंसं पेट्रोल संपेपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो.

महाराणी भारतात नेता येत नाही. इतकी जुनी, डाव्या स्टिअरिंगची गाडी तिकडे घेत नाहीत. ती गाल्यातच राहील आणि ज्याला जे लागेल तो ते काढून नेईल, अशी काकांनीच व्यवस्था लावली आहे. दिलेला शब्द ते इथून गेल्यावरही पाळला जाईल. मस्कत, निजवा, बरका, कुठेही त्या बंद झालेल्या भावाची एखादी गाडी चालताना दिसली तर तिच्यात महाराणीचं काही ना काही असण्याची शक्यता आहे. असा माणूस आपल्यात राहिला याचा मला गर्व आहे आणि काकूंचं सलाला राहिलं याचं दुःख आहे. दोन्ही मी तसंच लिहिते आहे, एकाने दुसरं झाकत नाही.

साळवीकाका, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो. गुडघे, डोळे, साखर, सगळं ताब्यात राहो. संगमेश्वरला लोक येतील, काही ना काही मागतील, तुम्ही उठून द्यायला निघाल, मी ओळखते तुम्हाला. द्या. पण आधी आत जाऊन काकूंना विचारा. त्या 'हो'च म्हणतील.

— मंजिरी, सर्व्हिस काउंटर, गाला