काकडीवरच्या जावा

प्रयोगशाळेत काचसामान धुणाऱ्या मावशींना दर सोमवारी एक मान मिळायचा. हात पुसून त्या खुर्चीत बसायच्या आणि चंदेरी पिशवीत दमदार फुंकर मारायच्या. निरोगी माणसाचा श्वास म्हणून संशोधक मॅडमनी त्यांचाच श्वास प्रमाण धरला होता. यंत्र आधी मावशींवर तपासायचं, मगच रुग्णांच्या पिशव्या जोडायच्या.

यंत्राच्या पोटात चिमूटभर पिवळट भुकटी असे. मॅडमनी एकदा समजावलं होतं, "हिला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं आहेत. मधुमेह बळावला की श्वासात अॅसिटोन वाढतो. तो या भोकांत अडकला की आकडा चढतो. ही भोकं आतून उलगडून पसरली तर चमचाभर भुकटीनं फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल."

"पसरा खुशाल," मावशी म्हणाल्या, "पण झाडायला मला सांगू नका."

मावशींचा आकडा कधी एकच्या वर गेला नव्हता. त्या सोमवारी तो नऊवर गेला.

मॅडमनी भुकटी तापवून भोकं मोकळी केली. पुन्हा नऊ. पिशवी बदलली, भुकटीही बदलली. मावशी फुंकून फुंकून मेटाकुटीला आल्या, आकडा हलेना. मॅडमचा चेहरा उतरला. त्या मावशींना हाताला धरून वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

बोटाला सुई टोचली. साखर अगदी व्यवस्थित निघाली.

"सकाळी काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

मावशींनी छताकडे पाहिलं. "काकडी."

"आणि काल?"

"काकडीच."

मग सगळं बाहेर आलं. मावशी आणि त्यांच्या जाऊबाई, दोघींचे गुडघे कुरकुरत होते. वजन उतरवायचं म्हणून दोघींनी पैज लावली होती. हरेल तिने घरची सगळी भांडी महिनाभर घासायची. दिवसभर कामावर काचा धुणाऱ्या मावशींना हरणं परवडणारं नव्हतं.

"तुम्हाला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "खायला मिळेना म्हणून शरीर चरबी जाळतंय. त्यातूनही अॅसिटोन तयार होतो. आता मुकाट्याने जेवा."

मॅडमचा जीव भांड्यात पडला आणि लगेच डोळे चमकले. "तुमच्या जाऊबाई येतील का हो फुंकायला?"

बुधवारी जाऊबाई ठेवणीतले कपडे घालून हजर झाल्या. "आठ दिवस नुसती काकडी," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "डोळ्यांपुढे अंधारी येते." आणि त्यांनी पिशवी टम्म फुगवली.

आकडा आला शून्य पूर्णांक आठ.

"यंत्र बिघडलंय तुमचं," जाऊबाई म्हणाल्या.

मॅडमनी मावशींना बसवलं. दोन दिवस जेवूनही त्यांचा आकडा दोनच्या खाली आला नव्हता. मावशी हाताची घडी घालून जाऊबाईंकडे बघत राहिल्या.

"दुपारी घरात कुणी नसतं," जाऊबाई शेवटी पुटपुटल्या. "समोर बिस्किटांचा डबा. माणसानं किती वेळ नजर चुकवायची?"

मावशींना रागवायचं होतं, पण हसूच फुटलं.

त्यांचा आकडा एकवर येईपर्यंत मॅडमनी प्रयोगशाळेच्या गाडीच्या ड्रायव्हरला फुंकायला बसवलं. ते मावशींना फार लागलं. "फुंकतो की उसासे टाकतो," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. घरची भांडी मात्र जाऊबाईंनी महिनाभर घासली, तीही बिनबोभाट.