दाखवेकाकांची देवी

मुंबईहून पाहुणा आला, की काका त्याला घरी आणायच्या आधी पाण्यात उतरवत. थट्टा नाही, खरंच! पाहुणा आगबोटीने रेवसला उतरलेला, टांग्यात बसून हाडं खिळखिळी झालेली, आणि अलिबागेत काका रस्त्यातच टांगा अडवून उभे. "सामान राहू द्या. ओहोटी लागली आहे, आधी किल्ला बघून घेऊ. चहा काय, घरी आहेच." बिचारा पाहुणा धोतर गुडघ्यावर घेऊन खडकांतून ठेचकाळत समुद्रातल्या कुलाबा किल्ल्याकडे निघे. एकदा एक जाडजूड वकीलसाहेब अर्ध्या वाटेत मटकन पाण्यातच बसले. काका त्यांना हात देत म्हणाले, "उत्तम! आता हा किल्ला तुम्ही जन्मात विसरणार नाही." किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या कोळणी त्यांना लांबून बघूनच ओरडत, "काका, आज कोनाला बुरवाचा हाय?"

नागावात त्यांना खऱ्या नावाने फारसं कुणी हाक मारत नसे. सगळ्या गावाचे ते दाखवेकाका. मी त्यांची पुतणी. आई गेल्यावर काका-काकूंनीच मला लहानाची मोठी केली. नारळी-पोफळीची वाडी होती, दोन वेळचं नीट भागत होतं. विडी नाही, तपकीर नाही. पण चांगलं काही दिसलं आणि ते दुसऱ्याला दाखवता आलं नाही, तर त्या माणसाला अन्न गोड लागत नसे.

रेवदंड्याच्या पडक्या तटापाशी नेलं, की ते पाहुण्यांना भिंतीला हात लावायला लावत. कुणी सन विचारला तर चिडत. "सन-बिन शाळेत विचारा हो! आधी दगडाला हात लावा. नुसतं डोळ्यांनी बघून काय होतंय?" आणि खरोखर, कोटवाले मोठमोठे लोक त्यांच्या धाकाने शेवाळलेल्या भिंतीवरून हात फिरवत उभे राहत. आम्हाला लांबून हसू आवरत नसे.

वर्षातून एकदा, दिवाळी झाली की, ते गावातली चार माणसं घेऊन मुंबईला जात. राणीचा बाग, आणि मग म्युझियम. "वाघ-सिंह लवकर उरका, खरी गंमत पुढे आहे," असं म्हणत सगळ्यांना पिंजऱ्यांपुढून हाकत नेत. म्युझियमातल्या दगडी मूर्तींसमोर ते तासन्‌तास उभे राहत, असं बरोबरची माणसं कंटाळून सांगत. काकू कधी गेली नाही. ती आदल्या दिवशी दशम्या आणि लाडू बांधून द्यायची, आणि मंडळी परतली की अंघोळीला पाणी तापवायची. पाहुण्यांचा रांधा, वाडीचं शिंपणं, माझी शाळा. कुणीतरी घरी हवंच की.

अशात एका वर्षी वाडीत माडाचं आळं खणताना पहार दगडावर आपटली. माती काढली, तर काळ्या दगडाची देवी! कमरेएवढी उंच. एक हात कोपरापासून तुटलेला, नाकाचा शेंडा उडालेला, पण चेहरा असा हसरा, की मला वाटलं आता बोलते की काय. काकांनी तिला काथ्याने घासूनपुसून पडवीत उभी केली. भटजींनी लांबूनच मान हलवली. "मूर्ती खंडित आहे. पूजेला चालायची नाही, घरातही ठेवू नये. पाण्यात सोडा."

काका हसले. "पाण्यात कशाला? हिला मी मुंबईला नेतो. म्युझियमात उभी करतील, खाली आपल्या गावाचं नाव लिहितील. मुंबईचे लोक ते वाचून इकडे यायला लागतील, बघा!" त्या आनंदात ते रात्रभर झोपले नसावेत. सकाळी म्युझियमातल्या कुणाला तरी घेऊन येतो म्हणून निघाले. जाताना देवीला म्हणाले, "येतो गं. तयार राहा."

त्याच दिवशी मला ताप भरला. साधासुधा नव्हे, मी म्हणे बडबडू लागले. वैद्यांच्या मात्रा झाल्या, कपाळावर पट्ट्या झाल्या, पण ताप उतरेना. आळीतल्या बायका दारात येऊन पडवीकडे बोट दाखवत. "खंडित मूर्ती दारात ठेवलीत आणि पोर अंथरुणाला खिळली. अजून कशाची वाट बघताय?" काकूचा दुसरा दिवसही माझ्या उशाशी गेला. तिसऱ्या दिवशी तिने देवीची ओटी भरली. आपल्या ट्रंकेतला नवा खण, नारळ, तांदूळ. दहीभाताचा नैवेद्य दाखवला, रडत रडत पाया पडली, आणि ओळखीच्या कोळ्यांच्या होडीत घालून देवीला समुद्रात पाठवलं.

माझा ताप दुसऱ्या दिवशी पहाटे उतरला. काका दुपारी आले. बरोबर चष्मा घातलेले एक गृहस्थ होते, हातात मोजपट्टी. पडवी रिकामी! काका एकदा घरात, एकदा अंगणात बघू लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं सांगत होती, आणि मी अंथरुणातून ऐकत होते. काका धावतच कोळीवाड्यात गेले. होडीवाला म्हणाला, "लय खोल पान्यान सोरली, काका. बायनी बजावलवता, कोनाचे जाल्यान सापराला नको."

काकांनी बरेच दिवस होड्या लावून शोध घेतला. काही लागलं नाही. काकूला ते एवढंच म्हणाले, "पोर बरी झाली ना? मग झालं." भांडले असते तर बरं झालं असतं. दोघांनी मनसोक्त भांडून घेतलं असतं, तर घर पुन्हा पूर्वीसारखं झालं असतं, असं मला आजही वाटतं. मी बरी झाले, पण घरातलं हसणं गेलं. पाहुणे येत, तर काका म्हणत, "ओहोटी सकाळी आहे, जाऊन या." स्वतः ओट्यावर बसून राहत. दिवाळीनंतरची मुंबईची फेरीही बंद झाली. काकू त्यांच्या पानात आवडीचं वाढी, ते मुकाट्याने खात.

पुढे माझं लग्न होऊन मी गिरगावात आले. काकू गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी डोळे दाखवायला काका माझ्याकडे आले. मी हट्टाने त्यांना म्युझियमात नेलं. खूप आढेवेढे घेतले, पण आले. मूर्तींच्या दालनात शिरलो. कुणाचा हात नाही, कुणाचं नाक नाही, एकीला तर डोकंच नाही. एक नऊवारीतली बाई मुलांना घेऊन फिरत होती. हात नसलेल्या एका देवीपुढे ती थांबली, चपला काढल्या, मुलांनाही काढायला लावल्या, आणि साऱ्यांनी मनोभावे नमस्कार केला.

काका बघतच राहिले. मग बाकावर बसले. मला वाटलं, त्यांना आपली देवी आठवली. मी म्हटलं, "काका, काकूचं चुकलंच हो तेव्हा."

"छे गं! तिचं काय चुकलं?" ते म्हणाले. "तिला वाटलं, हात तुटला की देवी फक्त पाण्यातच सोडायची असते. इथं अशी उभी ठेवतात, लोक पाया पडतात, हे तिला कुठून कळणार? शेजारी आणले, मास्तर आणले, अर्धा गाव आणला मी इथं. तिला एकदाही नाही दाखवलं."