परातीतली भूमिती

माझे वडील, अण्णा, निजामाच्या मुलखातल्या वाशीच्या शाळेत मास्तर होते. तिथं सगळं उर्दूत चालायचं, आणि मुलींचं शाळेत काही काम नाही असं गावानं परस्पर ठरवून टाकलेलं. म्हणून अण्णा मला घरीच मराठीतून शिकवायचे. पाटी मी एकदा रागाच्या भरात फोडली होती. त्यामुळे भूमिती शिकले ती आईच्या परातीत.

आई भाकरीला ज्वारीचं पीठ घेऊन बसली की अण्णा परात हळूच ओढायचे. तळव्यानं पीठ सारखं करायचे. हे प्रतल. परात संपली तरी ते संपत नाही म्हणे. उलथन्याच्या धारेनं ओढली ती रेषा. मग बाभळीचा काटा पिठात टोचायचे.

"ह्यो बिंदू. ह्याला लांबी न्हाय, रुंदी न्हाय."

"मग हाय काय त्याला?" मी वैतागायचे.

"जागा. बाकी काय बी न्हाय, फक्त जागा हाय."

"तुमचा बिंदू ऱ्हाऊ द्या, परात द्या इकडं," आई म्हणायची. "तवा तापलाय."

इंग्रज गेले, तरी आमच्याकडं निजामाचंच राज्य राहिलं. गावोगाव जाळपोळ सुरू झाली, तशी माणसं निजामाची हद्द ओलांडून भारतात, बार्शीकडं निघाली. आम्हीही निघालो. हद्दीवर जमिनीत एखादी रेषा आखलेली असेल असं मला वाटलं होतं. तिथं नुसतं करडईचं रान होतं. पलीकडं पोचल्यावर आईला आठवलं, घाईत गाय दाव्यालाच राहिली. "सोडून येतो, मुकं जनावर हाय," म्हणून अण्णा माघारी फिरले. ते आलेच नाहीत.

बार्शीला निर्वासितांच्या छावणीत नवं माणूस दिसलं की आई विचारायला धावायची. एकानं त्यांना ओढ्याकाठी पडलेलं पाहिलं होतं, दुसऱ्यानं वेशीबाहेर. ते गेले यात दोघांनाही शंका नव्हती. कुठं, ते मात्र जुळत नव्हतं.

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही घरी परतलो. ओढा पालथा घातला, वेस धुंडाळली. काही सापडलं नाही. गोठ्यात गाय नव्हती. दावं नीट गुंडाळून खुंट्यावर ठेवलेलं होतं. तसं फक्त अण्णाच ठेवायचे. म्हणजे ते घरापर्यंत पोचले होते. आई ते दावं छातीशी धरून रडली, आणि मला कुणाला तरी मारावंसं वाटलं.

संध्याकाळी चूल पेटली. आईनं परातीत पीठ घेतलं, पण पाणी घातलं नाही. तळव्यानं ते सारखं केलं, कुडाच्या भिंतीत खोचलेला अण्णांचा काटा काढला आणि परात माझ्यापुढं सरकवली.

"तुला शिकिवलंय न्हवं त्यांनी?" ती म्हणाली. "दाखव मग. कुठं हायत त्ये?"

काटा हातात धरून मी त्या पिठाकडं बघत राहिले. तवा तापून धूर निघायला लागला, तरी आईनं परात मागितली नाही.